पेणला पहिला अंक, रोह्याला दुसरा

माझं माहेर पेणचं आणि सासर अष्टमीचं. अष्टमी म्हणजे रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की लागते ती. नोकरी मात्र पेणला, शाळेत विज्ञान शिकवायची. म्हणजे लग्न होऊनही मी रोज सकाळी मेमू लोकलने माहेरच्या गावाला जाते आणि शाळा सुटली की सासरी परत येते. आईला वाटतं मी सदान्‌कदा सासरीच असते. सासूबाईंना वाटतं मी माहेरीच असते. यात नाटक लिहायचं खूळ कुठून शिरलं, असं मला बरेच जण विचारतात. ते शिरलं आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांमुळे.

सर हमरापूरचे. घरी गणपतीचा कारखाना. भाद्रपदापर्यंत त्यांचं डोकं मूर्तींत असतं आणि विसर्जन झालं की रिकामं होतं. त्या रिकाम्या डोक्यात दर वर्षी काहीतरी नवीन येतं. एका वर्षी मधमाश्या आल्या होत्या. मी सांगतेय त्या वर्षी नाटक आलं. दिवाळीच्या सुट्टीत पेणमध्ये नाट्यलेखनाचं शिबिर होतं, त्यात त्यांनी स्वतःबरोबर माझंही नाव देऊन टाकलं.

शिबिराला शहरातून एक मार्गदर्शक आले होते. त्यांनी आल्या आल्या फळ्यावर एक डोंगर काढला. म्हणाले, "कथानक म्हणजे हा डोंगर. पायथ्याशी माणसांची ओळख. चढणीवर गुंता. माथ्यावर सगळ्यात मोठा धक्का. आणि पलीकडच्या उतारावर उकल." मला हे एकदम पटलं. प्रयोगवहीत आम्ही साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान लिहून घेतो, तसंच हे. मी विचारलं, "पण सर, मध्यंतर कुठे घ्यायचं?" ते म्हणाले, "माथा दिसायला लागला की. प्रेक्षक चहाला गेला पाहिजे, पण त्याला चहा गोड लागता कामा नये." मागून कोणीतरी विचारलं, "साखर कमी घालायला सांगायची काय?" मार्गदर्शकांनी त्या प्रश्नाचाही नीट विचार केला, आणि मग नाही म्हणाले.

सुट्टी संपेपर्यंत माझं दोन अंकी नाटक लिहून झालं. गोष्ट साधी होती. खाडीकाठच्या एका घरात म्हातारे वडील, मोठा मुलगा आणि मुलगी. धाकटा मुलगा लहानपणी घरातून पळून गेला, असं वडिलांनी सगळ्यांना सांगितलेलं. एक दिवस एक तरुण येतो आणि म्हणतो, मीच तो धाकटा. घरात एक जुनी पेटी असते, तिची किल्ली फक्त वडिलांकडे. पहिल्या अंकाच्या शेवटी वडील सगळ्यांसमोर ती पेटी उघडतात, आत बघतात, छातीवर हात ठेवतात आणि कोसळतात. पडदा. मध्यंतर. अगोड चहा. दुसऱ्या अंकात कळतं, की पेटीत धाकट्याचा लहानपणचा सदरा आहे. तो पळून गेलाच नव्हता, खाडीत बुडाला होता, आणि वडिलांना ते माहीत होतं. म्हणजे आलेला तरुण तोतया. बहीण त्याला घराबाहेर काढते, तो उंबऱ्यापर्यंत जातो, आणि अगदी शेवटी तीच "थांब" म्हणते. हा माझा उतार होता. मला तो फार आवडला होता.

माणसं चारच लागणार होती. मोठा भाऊ सर. ते दिग्दर्शकही होते. बहिणीचं काम करायला कोणी बाई मिळेना म्हणून मीच उभी राहिले. तोतयाला तरुण माणूस हवा होता, तर सरांनी माझ्या नवऱ्यालाच धरलं. तो धाटावच्या एका कंपनीत प्लांटवर आहे. फर्स्ट शिफ्ट असली की दुपारनंतर मोकळा. नवरा-बायको बहीणभाऊ कसे व्हायचे, यावर सर म्हणाले, "तोतयाच आहे ना. खरा भाऊ कुठे आहे?"

वडिलांच्या कामाला पेणमधलेच एक निवृत्त काका मिळाले. तरुणपणी गावच्या जत्रेत नाटकं केलेली, आवाज खणखणीत. त्यांनी संहिता वाचली आणि चष्मा काढून मला म्हणाले, "म्हणजे मी मध्यंतरापर्यंतच?"

"हो काका. पण सगळं नाटक तुमच्याभोवतीच फिरतं."

"फिरू दे. मरण जरा नीट लिहा."

मी मरण नीटच लिहिलं होतं. एक वाक्य होतं, "अरे, हा तर..." आणि कंसात, कोसळतात.

पेणचा प्रयोग एका मंगल कार्यालयात रविवारी दुपारी ठेवला. संध्याकाळी तिथे कुणाच्या तरी हळदीचं बुकिंग होतं, पण तोपर्यंत आपलं आटपेल असा सगळ्यांचा हिशेब होता. पहिल्या रांगेत माझी आई बसली होती. काकांचे नातेवाईक चांगले दोन-तीन रांगा भरून होते. त्यांच्यात काकूही होत्या, म्हणजे काकांच्या पत्नी.

पाहुण्यांची भाषणं लांबली, तरी पहिला अंक झकास चालला होता. सरांनी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, "पेटीकडे अधूनमधून बघत राहा. प्रेक्षकाला संशय यायला हवा." नवरा कंपनीत दिवसभर मीटर बघतो. त्याने पेटीकडे तसंच बघितलं, ठरावीक वेळाने, मान वाकवून, गळती आहे का बघावी तसं. मी विंगेतून आईचा चेहरा बघत होते. आईचे डोळे बारीक होत चालले होते.

मग मीही रंगमंचावर गेले आणि सगळ्यांसमोर काकांनी पेटी उघडली. छातीवर हात ठेवला. "अरे, हा तर..." म्हणाले. आणि कोसळले नाहीत.

आधी त्यांनी मोठ्या मुलाला आशीर्वाद दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, गायीला वेळेवर पाणी दाखव." नाटकात गाय नव्हती. मी मान डोलावली. मग त्यांना आपली स्वर्गवासी पत्नी आठवली, तिच्या हातची तांदळाची भाकरी आठवली, ती कशी फुगायची ते त्यांनी हाताने करून दाखवलं. खाली काकू जिवंत बसलेल्या. मग ते खारेपाटातल्या शेतीवर आले. बांध फुटू देऊ नका, खारं पाणी आत येऊ देऊ नका, बांधाच्या दाराची, उघाडीची, फळी सडली आहे. लोक रडायला लागले. माझ्या शेजारी उभे असलेले सरही रडले. त्यांचं पुढचं वाक्य काकांच्या मरणानंतर होतं, ते बोलायची वेळच येईना.

कार्यालयाचा मॅनेजर दारातून हात हलवत होता. बाजूच्या दाराने हळदीची माणसं आत यायला लागली. ताटं घेतलेल्या बायका भिंतीला लागून उभ्या राहिल्या आणि त्यांनीही डोळ्यांना पदर लावले. तेवढ्यात फाटकात बँड सुरू झाला. मला वाटलं, संपलं. पण काकांनी कान टवकारले, वर बघितलं आणि म्हणाले, "ऐकता काय पोरांनो? वाजंत्री आली. मला न्यायला आले ते."

असा टाळ्यांचा कडकडाट मी शाळेच्या संमेलनातही ऐकला नाही. त्यात काका कोसळले. टाळ्या थांबेनात म्हणून एकदा उठून, "सांभाळून राहा," एवढं म्हणाले आणि परत कोसळले. पडदा पडला.

सर मॅनेजरकडे धावले. "साहेब, फक्त दुसरा अंक राहिलाय."

"दुसरा अंक घरी जाऊन करा," मॅनेजर म्हणाला. तोवर खुर्च्या फिरवून झाल्या होत्या. आमचे बरेच प्रेक्षक तसेच हळदीला थांबले. आई तर जेवूनच निघाली, नवरीची मावशी तिच्या ओळखीची निघाली म्हणून.

फाटकाशी आईने मला गाठलं. "काय गो, पेटीत काय होतं?"

"ते दुसऱ्या अंकात आहे."

"मला तरी सांग."

मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी रोह्याला प्रयोग होता, त्यानंतर पेणला परत करू असं माझ्या मनात होतं. उत्कंठा टिकवायची असते, हे मी नुकतंच शिकले होते.

त्या प्रयोगाचं एकच चित्रण अस्तित्वात आहे. काकांच्या पुतण्याने काकांचं मरण मोबाइलवर घेतलं आणि स्टेटसला ठेवलं. खाली जोडलेल्या हातांचं चिन्ह. तेवढ्याने भागेना म्हणून रडणारा चेहराही टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या दारात लांबच्या गावची माणसं पांढऱ्या टोप्या घालून उतरली. दार काकांनीच उघडलं. एक बाई किंचाळून पायरीवरच बसल्या. एका नातेवाइकाने येताना हार आणला होता. तो परत कसा न्यायचा म्हणून त्याने तो काकांच्या गळ्यात घातला, आणि मग सगळे चहा पिऊन गेले.

ते गेल्यावर काकू काकांना काय बोलल्या ते मला माहीत नाही. पण रोह्याच्या प्रयोगाची आठवण करून द्यायला मी फोन केला तेव्हा काका दबक्या आवाजात म्हणाले, "मी येत नाय. हिने सांगितलंय, परत मरायचं नाय."

"पण काका, ते नाटकात."

"नाटकातच तर मेलो होतो. तरी आले ना लोक?"

रोह्याच्या मंडळाने आमच्या प्रयोगासाठी सभागृह घेतलं होतं, बोर्ड लागले होते. सर डोकं धरून बसले, आणि मग एकदम म्हणाले, "दुसऱ्या अंकात वडील आहेतच कुठे? फक्त फोटोला हार आहे. दुसरा अंक करू. आधी तुम्ही पहिल्या अंकाची गोष्ट माइकवर सांगा." हे जमण्यासारखं होतं. पण फोटोसाठी पुन्हा फोन केला तर काकू स्वतः बोलल्या. म्हणाल्या, "हार घातलेले एकदा बघितले, पुरे झाले."

शेवटी मंडळाच्या ऑफिसातली एक तसबीर काढून घेतली. तीत धबधबा होता. दाट झाडी आणि मधून कोसळणारं पाणी. सरांनी तिला हार घातला, दोन पावलं मागे येऊन बघितलं आणि म्हणाले, "प्रेक्षक प्रतीक म्हणून समजून घेतील."

मी गोष्ट सांगायला माइककडे निघाले, तर मंडळाच्या सेक्रेटरींनी हात आडवा केला. "मॅडम, आधीच गोष्ट सांगितली तर लोक बसतील कशाला? रसभंग होईल." मी म्हटलं, "अहो, पण हा दुसरा अंक आहे." ते म्हणाले, "लोकांना नका कळू देऊ."

पडदा उघडला तेव्हा मी हार घातलेल्या धबधब्यासमोर रडत उभी होते. "बाबा, असे कसे हो गेलात?"

मागच्या रांगेतून आवाज आला, "पोहता येत नव्हतं काय?"

मी रडत राहिले. सर आले, त्यांनी पेटी उघडली, लहान सदरा बाहेर काढला आणि छातीशी धरून हंबरडा फोडला. सभागृह शांत होतं. ती नाटक रंगल्याची शांतता नव्हती. भलत्याच्या घरी भलत्या वेळी गेल्यावर माणसं गप्प होतात, तशी होती. मग नवऱ्याने कबुली दिली. तो त्या दिवशी कंपनीत जादा ड्यूटी करून थेट आला होता, त्यामुळे डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला. मी म्हणेन, आमच्या सगळ्यांत त्याचंच काम उत्तम झालं. मी हात लांब करून दाराकडे बोट दाखवलं आणि ओरडले, "चालता हो या घरातून!"

"कुठं जाईल तो?" पहिल्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या. "डबल ड्यूटी करून आलाय!"

लोक हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, बाजूच्या तीन पायऱ्या चढून रंगमंचावर आल्या, माझ्या नवऱ्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "चल घरी. जेवण झाकून ठेवलंय."

आणि तो गेला. मी नंतर विचारलं, असा कसा गेलास? तो म्हणाला, "तू चालता हो म्हणालीस. आई चल म्हणाली. दोन्हीचा अर्थ एकच होता."

मी आणि सर सदरा घेऊन उभे होतो. "थांब" म्हणायला समोर कोणी उरलं नव्हतं. पडदा ओढणाऱ्याला वाटलं हाच शेवट, त्याने पडदा ओढला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी आत येऊन म्हणाले, "आईचं काम कोणी केलं हो? काय नैसर्गिक बाई!"

म्हणजे माझ्या नाटकाची चढण पेणने बघितली आणि माथ्याचा थोडा भाग रोह्याने. उतार कोणीच बघितला नाही.

घरी जड गेलं. सासूबाई माझ्याशी बोलेनात. नवऱ्याच्या ताटात माशाचा मोठा तुकडा आणि माझ्या ताटात शेपटी, असं सुरू झालं. एक दिवस मी धीर करून म्हटलं, "आत्याबाई, ते नाटक होतं." लग्न झाल्यापासून मी त्यांना आत्याबाईच म्हणते.

"नाटकच होतं. पण लिहिलं कोणी?" त्या म्हणाल्या. "एवढ्याशा सदऱ्यासाठी माझ्या पोराला घराबाहेर काढलंस. मला सांगितलं असतंस तर नवा आणून दिला असता."

तिकडे पेणला वेगळीच तऱ्हा. नवरा माझ्या आईकडे गेला, तर आईने खिळ्याला अडकवलेल्या कपाटाच्या किल्ल्या काढून कमरेला खोचल्या. माझ्या आईला तो मामी म्हणतो. घरी आल्यावर मला म्हणाला, "मामी आधी कपाटाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात." मी आईला फोन करून रागावले. आई म्हणाली, "मी जावयांना काय बोलले काय? पण त्या पेटीकडे ते कसे बघत होते, ते सगळ्या पेणने बघितलंय." मी म्हटलं, पेटीत फक्त एक सदरा होता. आईला ते अजिबात खरं वाटलं नाही. इतके दिवस लपवून ठेवलेली गोष्ट एवढीशी कशी असेल? मी उत्कंठा जरा जास्तच टिकवली होती.

थंडीत वालाला शेंगा धरल्या तेव्हा सासूबाईंनी शेतावर पोपटी लावायचं ठरवलं आणि रिवाज म्हणून माझ्या आईलाही बोलावलं. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात मीठ-ओवा लावलेल्या शेंगा भरायच्या आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. ऊन उतरल्यावर जाळ पेटवून दोघी विहिणी मडक्याच्या दोन बाजूंना बसल्या. मी पुढच्या मडक्यासाठी शेंगा निवडत होते. नवरा काटक्या गोळा करायला लांब गेला होता. मला वाटतं, मुद्दामच.

मग सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही पण बघितलंत ना हिचं नाटक?"

"अर्धं बघितलं," आई म्हणाली. "पहिलं."

"मी दुसरं."

दोघींनी जाळात थोडा वाळका पाला घातला.

"त्या पेटीत काय होतं हो?" आईने विचारलं.

"सदरा. बारक्या पोराचा."

"म्हणजे ही खरं सांगत होती? नुसता सदरा?"

"इस्त्री पण नव्हती."

आई विचारात पडली. "सदरा बघून माणूस मरतो व्हय?"

"कोण मेला?"

"बाप. माझ्या डोळ्यांदेखत पडला."

"छे! बाप तर धबधब्यात गेला. तसबीर होती."

मी म्हटलं, "आत्याबाई, धबधबा म्हणजे खरं तर काकांचा फोटो..."

"तू शेंगा निवड," दोघीही म्हणाल्या.

"तुम्ही मढं बघितलंत काय त्याचं?" सासूबाईंनी विचारलं.

"पडदा पडला. आणि त्याआधी एकदा पडून उठला पण होता. तुम्ही बघितलंत?"

"नाय. नुसतं पाणी."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. "मेलाच नाय तो," आई म्हणाली. सासूबाईंनी मान हलवली, जणू त्या हेच म्हणायची वाट बघत होत्या.

मग जे सुरू झालं ते मी शेंगा हातात धरून ऐकत राहिले. आई म्हणाली, घरात लग्न होतं, वाजंत्री तिने कानांनी ऐकली, हळदीच्या बायका बघितल्या. जेवली पण. सासूबाई म्हणाल्या, पोरीच्या लग्नातून बाप उगाच पळत नाही. त्याने पेटीत काहीतरी नको ते बघितलं. सदरा. मग सदरा कोणाचा? इथे आईने जाळातलं लाकूड पुढे सारलं आणि म्हणाली, "त्याचं दुसरं घर असणार. तिथल्या पोराचा सदरा."

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. "म्हणजे आमचा पोर..."

"खराच मुलगा त्याचा! दुसऱ्या घरातला. तोतया कसला?"

"म्हणून पेटीकडे बघत होता काय?"

"आपलाच सदरा बघत होता बिचारा," आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. बाप लाजेने मेल्याचं सोंग घेऊन पळाला, धबधब्यावर जाऊन बसला, आणि घरच्यांनी निरपराध पोरावर आळ घेतला. मडक्याच्या भोवतीचा जाळ खाली बसेपर्यंत त्यांनी हे सगळं पक्कं केलं. नवरा काटक्या घेऊन आला तेव्हा आईने त्याला स्वतः शेंगा सोलून दिल्या. निघताना म्हणाली, "जावयबापू, कधी पण या. किल्ल्या खिळ्यालाच असतात."

मी हे सगळं शाळेत सरांना सांगितलं, रडकुंडीला येऊन. माझा सदरा, माझी खाडी, माझा शेवटचा "थांब". सर ब्रश धुता धुता ऐकत होते. मग म्हणाले, "यात काका मरत नाहीत ना?" मी म्हटलं नाही. सरांनी तिथल्या तिथे काकूंना फोन लावला. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मरत नसले तर करू देत. पण ती दुसरी बाई स्टेजवर दिसता कामा नये."

दरम्यान पेणजवळच्या जिते गावातल्या एका मंडळाचं आमंत्रण आलं होतं. मी पुन्हा लिहायला बसले. एका रविवारी आई अष्टमीला मुद्दाम येऊन राहिली आणि मी दोघींच्या मध्ये पाटावर बसून लिहीत होते. मध्येच मी कागदाच्या कोपऱ्यात डोंगर काढून बघितला. सासूबाईंनी विचारलं, "हे काय?"

"हे नाटक. इथून चढायचं, इथे माथा."

"एवढं चढून वर काय करणार?"

"डबा खायचा," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण मी बघत होते, त्या बोलत होत्या तसा डोंगर आपोआप तयार होत होता. आई गुंता वाढवायची, सासूबाई माणसाला सोडवायच्या. फक्त सोडवताना त्यांना कोणाला तरी हाताला धरून ओढावं लागायचं. म्हणून बापाची एक बहीण तयार झाली. ती शेवटी धबधब्यावर जाते, भावाला मनगटाला धरून लग्नघरात आणते. रोह्याच्या टाळ्यांनंतर ते काम कोण करणार हा प्रश्नच नव्हता. सासूबाईंनी आढेवेढे घेतले, दोनदा चहा घेतला आणि हो म्हणाल्या.

जित्याचा प्रयोग संध्याकाळी, दिवेलागणीच्या जरा आधी झाला. आई पहिल्या रांगेत, तिच्या शेजारी काकू. काका गायीसकट सगळं सांगून कोसळले, लोक चुकचुकले आणि काका एक डोळा उघडून उठले, तेव्हा सगळ्यात मोठ्याने काकू हसल्या. मध्यंतरात लोक चहाला गेले आणि बाप पळून कुठे गेला असेल यावर इतके बोलत राहिले, की पुष्कळांचे कप भरलेले राहिले. मी विंगेतून ते बघितलं. माझ्या मूळ नाटकातलं एकही वाक्य त्यात धड नव्हतं, याचं मला वाईट वाटत होतं. तरी त्या गप्पा ऐकताना अंगावर काटाही आला. दोन्ही खरं आहे.

दुसऱ्या अंकात सासूबाई आल्या. तालमीत त्यांना एक पान भाषण दिलं होतं. त्यातलं काही न बोलता त्यांनी काकांचं मनगट धरलं, त्यांना रंगमंचभर फिरवून आणलं आणि माझ्या नवऱ्यासमोर उभं केलं. म्हणाल्या, "बघ. तुझाच हाय." पुरे झालं. पडदा पडला आणि लोक घरी जायला उठले. कोणी कोणाला काही विचारलं नाही. सगळ्यांना सगळं कळलं होतं.

परतीच्या मेमूत आई पेणला उतरली. डबा जवळपास रिकामाच होता. समोरच्या बाकावर एक अनोळखी बाई भाजीची पिशवी घेऊन बसल्या होत्या. सासूबाईंच्या चेहऱ्यावर अजून रंग होता, तो बघून त्या बाईंनी विचारलं, "कुठं गेला होतात?"

"नाटकाला," सासूबाई म्हणाल्या, आणि सांगायला लागल्या. शेवटापासून. आधी भावाला धबधब्यावरून कसं आणलं ते, मग तो तिथे का गेला होता ते, मग सदरा, मग लग्न. मागे मागे जाताना त्यांनी मध्ये दोन माणसं नवीन घातली आणि सरांचं काम पूर्ण काढून टाकलं. नवरा खिडकीला डोकं टेकून झोपला होता. मी एकदाही मध्ये बोलले नाही.

गाडी रोह्याला थांबली तेव्हा सासूबाई अजून पहिल्या अंकाच्या मध्यावर होत्या. त्या बाईंना दुसऱ्या बाजूला जायचं होतं, तसं त्या म्हणाल्याही. पण पिशवी या हातातून त्या हातात घेऊन आमच्याबरोबर चालत राहिल्या. आमच्या दारात पोचल्यावर सासूबाईंनी कुलूप काढता काढता त्यांना म्हटलं, "आत या, बसा. अजून त्याची गाय सांगायची राहिलीय."